काजूचे दिवस आणि सुटलेले फॉलोअप: गोव्यातल्या एका आरोग्य संशोधन संस्थेचं एक वर्ष

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका आंतरराष्ट्रीय, ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या आरोग्य संशोधन संस्थेच्या गोव्यातल्या साईटचं आहे. संस्थेचं, गावांचं, माणसांचं नाव देत नाहीये आणि कुणी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील थोडे बदललेत. मी त्या टीममध्ये फॉलोअपचं काम बघत होते, त्यामुळे जे लिहितेय ते आतून पाहिलेलं आहे.

काम होतं डिप्रेशनवरच्या समुपदेशनाचं. डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट नसलेल्या, पण नीट ट्रेनिंग दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) बसून लोकांना सहा ते आठ सेशन द्यायची. ही कल्पना गोव्याला नवी नाही, उलट जगात तिचा पुरावा जिथे उभा राहिला त्यातली ही एक महत्त्वाची जागा आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या संगाथ संस्थेनं इथल्याच पीएचसींमध्ये हे काम केलं, २०१० मध्ये मानस ट्रायल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली आणि २०१७ मध्ये 'हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्राम'ची. त्या दुसऱ्या ट्रायलमध्ये तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक डिप्रेशनच्या रेषेखाली आले होते, आणि ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यातले ३९ टक्के. हा फरक मोठा आहे, आणि गोव्याबाहेर किती जणांना माहीत असतं की हे पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या एवढ्याशा राज्यात शिकलं गेलं.

आमच्या संस्थेला पुढचा प्रश्न तपासायचा होता, की हेच मॉडेल आतल्या तालुक्यांत कमी खर्चात, कमी देखरेखीखाली टिकतं का. त्यासाठी सत्तरी आणि पेडणे असे दोन तालुके घेतले. दोन्हीकडे लोक घरात कोंकणी बोलतात आणि पेपर मराठी वाचतात, म्हणून कन्सेंट फॉर्म मराठीत आणि बोलणं कोंकणीत असं ठरलं, आणि ते चाललं पण छान. पीएचसीच्या ओपीडीत आलेल्या माणसाची डिप्रेशन मोजणारी पीएचक्यू-९ ची प्रश्नावली भरायची (नऊ प्रश्न, शून्य ते २७ स्कोअर), स्कोअर ठरलेल्या रेषेच्या वर असेल आणि माणूस तयार असेल तर ट्रायलमध्ये घ्यायचं, चिठ्ठी टाकल्यासारखं समुपदेशनाच्या किंवा त्याविनाच्या दुसऱ्या गटात जायचं, मग तीन महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी आमचा दुसरा माणूस घरी जाऊन तीच प्रश्नावली भरणार.

पहिल्या वर्षाअखेरीचा आढावा जून २०२४ मध्ये होता. कागदावर वर्ष छान दिसत होतं. नावनोंदणी टार्गेटच्या पुढे, समुपदेशक एकही सोडून गेलेला नाही, दोन्ही पीएचसींचे मेडिकल ऑफिसर खूश. हेड ऑफिसला वार्षिक अहवालात गोव्याची साईट पहिल्या पानावर हवी होती, आणि पुढच्या वर्षी सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या दोडामार्गात जायचा प्लॅन जवळजवळ ठरला होता.

अडचण काय होती

तीन महिन्यांचे फॉलोअप. एकूण आकडा फार वाईट नव्हता म्हणून वर कुणाच्या डोळ्यावर आला नाही, पण महिन्यावार मांडला तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मे संपेपर्यंत सत्तरीत मोठा खड्डा होता. आमचा फील्डचा मुलगा घरी जायचा आणि घराला कुलूप, किंवा म्हातारी एकटी ओसरीवर बसलेली आणि ती सांगणार, "बाबा, आतां काजूचे दीस, सगळीं दोंगरार."

ज्यांनी काजूचा हंगाम जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. फेब्रुवारी अखेरीपासून बोंडू पडायला लागतात आणि ते पडलेलेच गोळा करायचे असतात, झाडावरून तोडायचे नसतात, म्हणजे रोज सकाळी डोंगरावर जायलाच पाहिजे. बिया वेगळ्या करायच्या, बोंडू मळायचे, रस भाटीवर (दारू गाळायच्या भट्टीवर) जातो, आधी हुर्राक मग फेणी. ज्यांनी पावणीत (लिलावात) डोंगर घेतलाय ते तर तिथेच खोप घालून राहतात. वर्षाच्या कमाईचा मोठा भाग या तीन महिन्यांत येतो. अशा वेळी आम्ही पाऊण तासाची प्रश्नावली घेऊन दारात.

आता इथे मुख्य मुद्दा, जो मला अजूनही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फॉलोअप चुकणं म्हणजे फक्त डेटा कमी होणं नव्हे. चुकलेली माणसं कोण आहेत यावर सगळं ठरतं. आमच्या समुपदेशनाचा गाभाच असा की डिप्रेशनमध्ये माणूस कामं सोडतो, घरात बसतो, मग आणखी खचतो, तर त्याला छोट्या छोट्या कामांतून परत हालचालीत आणायचं. मग जिला आमचा सगळ्यात जास्त फायदा झाला ती बाई कुठे असणार? काजूच्या डोंगरावर. आणि जी अजून बरी नाही ती घरी सापडणार. म्हणजे उपचारगटात बरे झालेले लोक मोजणीतून गळणार आणि आमचा उपचार होता त्यापेक्षा कमजोर दिसणार. पण उलटंही शक्य होतं, की ज्याची तब्येत फार बिघडलीय त्यालाच घरच्यांनी आत ठेवलंय आणि बाहेर सांगतायत डोंगरावर गेलाय. मीटिंगमध्ये दोन्ही बाजू जोरात मांडल्या गेल्या आणि खरं सांगायचं तर टेबलावर बसून हे ठरवणं शक्यच नव्हतं, हातात असलेला डेटा नसलेल्या माणसांबद्दल काही बोलत नाही.

आणि एक गोष्ट आकड्यांच्या पलीकडची होती. पीएचक्यूचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. नावनोंदणीच्या वेळी ज्यांनी त्याला "हो" म्हटलं होतं, त्यातले काही जण त्या खड्ड्यात होते. समुपदेशनाच्या गटातल्यांना त्यांचा समुपदेशक तरी भेटत होता, दुसऱ्या गटातल्यांना ओपीडीत एक पत्रक आणि डॉक्टरांना दिलेला रिपोर्ट एवढंच.

पेडण्यात पण फॉलोअप चुकत होते, पण तिथलं कारण काजू नव्हतं. तिथे ऑक्टोबरपासून टुरिस्ट सीझन, बायका किनाऱ्यावरच्या हॉटेलांत हाउसकीपिंगला, मुलगे मोपाच्या विमानतळावर शिफ्टमध्ये. घर बंद नसायचं, माणूस झोपलेला असायचा किंवा ड्युटीवर. सुरुवातीला आम्ही दोन्ही तालुक्यांचं एकत्र "स्थलांतर" असं लिहून टाकलं होतं, आणि त्या एका शब्दामुळे दोन वेगळे प्रश्न एक दिसत राहिले.

समोरचे पर्याय

पहिला, काही बदलायचं नाही. नावनोंदणी चालू, दोडामार्ग चालू, आणि गळलेल्या माणसांसाठी शेवटी संख्याशास्त्राची पद्धत वापरून अंदाजे आकडे भरायचे. हे नियमबाह्य नाही, सगळे करतात. पण त्या पद्धतीचं एक गृहीतक असतं, की माणूस का गळला ते आपल्याकडे असलेल्या माहितीवरून समजू शकतं. आमच्याकडे नेमकी तीच माहिती नव्हती. हेड ऑफिसचा कल इकडेच होता, कारण वेग राखता येत होता.

दुसरा, फोनवर फॉलोअप. स्वस्त आणि झटपट. पण सत्तरीच्या डोंगरात रेंज कुठे मिळते आणि कुठे नाही हे तिथल्या माणसालाच माहीत, आणि बहुतेक बायकांनी दिलेला नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा. नवऱ्याच्या फोनवर, बाजूला चार माणसं बोंडू मळतायत आणि आम्ही विचारतोय की जीव नकोसा वाटतो का. आमच्या सिनियर समुपदेशक मॅडम मीटिंगमध्ये एवढंच म्हणाल्या, "मला विचाराल तर हा प्रश्न असा विचारूच नये." तो पर्याय सरसकट म्हणून तिथेच संपला.

तिसरा, आपणच डोंगरावर जायचं. टीममधल्या सत्तरीच्या मुलांना हाच आवडला, त्यांच्या घरचे पण तिथेच होते ना. यातली अडचण माकडताप. गोव्यात हा आजार २०१५ मध्ये सत्तरीत पाली गावात पहिल्यांदा सापडला, मूळचा कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातला, १९५७ चा, गोचिडीतून पसरणारा, आणि त्याचा मोसम डिसेंबर ते मे म्हणजे बरोब्बर काजूच्या वेळेला. जुनी लस आता दिली जात नाही. काजूवाले हा धोका दर वर्षी पत्करतात हे खरं, पण पगारी माणसाला तिथे पाठवायचं तर संस्थेची जबाबदारी येते. शिवाय तिथे एकांत मिळणं कठीण.

चौथा, नावनोंदणीचं कॅलेंडरच बदलायचं. सत्तरीत जून ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच लोक घ्यायचे. मग तीन महिन्यांचा फॉलोअप सप्टेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यात येतो आणि बारा महिन्यांचा परत जून ते नोव्हेंबर. दोन्ही काजूच्या बाहेर. सेशन पण नीट होतात, कारण मार्चमध्ये दर आठवड्याला पीएचसीत या म्हणणं हेच मुळात अवघड होतं. तोटा सरळ आहे, सहा-साडेसहा महिने नवीन माणूस नाही, पगार चालू, फंडरच्या तिमाही फॉर्ममध्ये शून्य, आणि ट्रायल एक वर्ष लांबणार. दोडामार्ग पण पुढे जाणार.

पाचवा एक पर्याय आला आणि लगेच गेला, की गावात काम करणाऱ्या एका छोट्या स्थानिक संस्थेला फॉलोअपचं काम आणि पैसे द्यायचे, त्यांना घरन् घर माहीत आहे. पण २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा बदलल्यापासून एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या भारतीय संस्थेला देताच येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पण ५० वरून २० टक्क्यांवर आली, त्यामुळे ऑफिसच्या बाजूला हलायला जागा नव्हती. माणसं घ्यायची तर थेट आपल्या पगारावर घ्यायची.

निर्णय कसा झाला

जूनच्या मीटिंगमध्ये झाला नाही. साईटच्या प्रमुखांनी (आम्ही त्यांना सर म्हणायचो) एक गोष्ट केली जी मला आजही फार योग्य वाटते. त्यांनी सांगितलं, आधी गळलेल्यांपैकी काही जणांना शोधून काढा, ट्रायलच्या आकड्यांत धरायला नाही, फक्त ते कसे आहेत आणि का सुटले हे कळायला. पाऊस सुरू झाला होता, सगळे डोंगरावरून उतरले होते, घरं उघडी होती. एथिक्स कमिटीला कळवून, परवानगी घेऊन आम्ही गेलो.

जे कळलं त्यानं दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं निघालं. बरेच जण बरे होते, काही तर अगदी टुणटुणीत, एक काकी आम्हाला बघून म्हणाल्या की मार्चमध्ये तुम्ही आला असता तर तुम्हालाच बोंडू गोळा करायला बसवलं असतं. पण काही जण बरे नव्हते आणि त्यातल्या एका वहिनीची अवस्था अशी होती की त्याच दिवशी घरच्यांशी बोलून, मेडिकल ऑफिसरना फोन करून तिला बांबोळीला मानसोपचाराच्या हॉस्पिटलात नेलं. ती दुसऱ्या गटात होती. घरच्यांना वाटत होतं की कामाला येत नाही म्हणजे आळस. तिचा तीन महिन्यांचा फॉलोअप एप्रिलमध्ये व्हायला हवा होता.

हा रिपोर्ट बोर्डासमोर गेल्यावर चर्चेचा सूर बदलला. चौथा पर्याय सत्तरीसाठी मंजूर झाला. दोडामार्ग एक वर्ष पुढे. आणि वार्षिक अहवालात नावनोंदणीच्या आकड्याशेजारी, त्याच पानावर, त्याच अक्षरात, किती जणांचा फॉलोअप झाला नाही तो आकडा. यावर हेड ऑफिसशी बरीच ओढाताण झाली. त्यांची भीती खोटी नव्हती, फंडर दहा साईटचे अहवाल शेजारी ठेवून वाचतो आणि जो उणीव लिहितो तोच मागे पडतो. शेवटी सर म्हणाले की आम्ही नाही लिहिलं तरी शोधनिबंध छापताना कोण कुठे गळलं याचा तक्ता द्यावाच लागतो, मग दोन वर्षांनी परक्यानं विचारण्यापेक्षा आज आपणच सांगू.

प्रत्यक्षात काय केलं

प्रोटोकॉलमधला बदल आधी एथिक्स कमिटीकडे, मग देशाच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंद. कुठल्या गटाचं काय चाललंय हे कुणीही बघण्याआधी संख्याशास्त्रवाल्यांकडून विश्लेषणाच्या प्लॅनमध्ये भर घालून घेतली, की गळलेले सगळे बरे धरले तर निकाल काय आणि सगळे आजारी धरले तर काय, दोन्ही छापायचं. हा क्रम महत्त्वाचा. निकाल डोकावून बघितल्यावर असे बदल केले तर त्यांना काही अर्थ राहत नाही.

नंतर पत्त्याचा प्रश्न. माणूस कुठे आहे हे समुपदेशकांना बरोबर माहीत असायचं, पण फॉलोअप करणाऱ्याला कोण कुठल्या गटात हे कळता कामा नये, म्हणून त्या दोघांत बोलणंच बंद ठेवलेलं. मधला मार्ग असा काढला की नावनोंदणीच्या वेळीच प्रत्येकाला विचारायचं, काजूच्या दिवसांत कुठे असाल, चवथीला (गणेशचतुर्थीला) कुठे असाल, आणि आम्ही कुणाला विचारलेलं चालेल अशा दोन माणसांची नावं. ही यादी ऑफिसातल्या एकाच व्यक्तीकडे. आणि गावात विचारताना "आरोग्याचा सर्वे" एवढंच, मानसिक हा शब्द नाही. आधी आम्ही सरळ अंगणवाडीच्या बाईंना विचारणार होतो पण दोन बायकांनी स्पष्ट सांगितलं की त्यांना कळलेलं आम्हाला नको, आणि तो त्यांचा हक्क आहे.

जे आधीच ट्रायलमध्ये होते आणि ज्यांचा बारा महिन्यांचा फॉलोअप २०२५ च्या काजूत येणार होता, त्यांच्यासाठी मात्र डोंगरावर जावंच लागलं. फक्त ज्यांनी होकार दिला त्यांच्याकडे, दुपारी जेवणानंतरच्या विश्रांतीच्या वेळेला, भाटीपासून लांब झाडाखाली. जाणाऱ्यानं अंगभर कपडे, हातापायांना गोचीड दूर ठेवणारं डेपाचं तेल, परत आल्यावर गरम पाणी-साबणानं आंघोळ आणि कपडे वेगळे. ज्याला जायचं नाही त्याला सक्ती नाही, आणि एकानं नको म्हटलं तर त्याला पेडण्यात घेतलं.

पेडण्यात कॅलेंडर बदललं नाही, वेळ बदलली. शिफ्ट विचारून ठेवायची, रविवारी आणि संध्याकाळी जायचं, त्याबदल्यात स्टाफला आठवड्यात सुट्टी.

काय झालं

सत्तरीतला खड्डा भरला, पावसात घेतलेल्यांचे तीन महिन्यांचे फॉलोअप जवळजवळ सगळे झाले. पेडण्यात सुधारणा झाली पण कमी. हॉटेलच्या शिफ्ट आठवड्याला बदलतात, आणि बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला बसवून प्रश्न विचारणं कितीही नम्रपणे केलं तरी जड जातं.

मग २०२५ आलं. जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली, आमच्या संस्थेची दुसऱ्या देशातली एक साईट काही आठवड्यांत बंद झाली, तिथले सहकारी व्हिडिओ कॉलवर निरोप घेत होते ते विसरता येत नाही. आमचे पैसे त्या खात्यातले नव्हते, पण एक हिस्सा अमेरिकेतल्या विद्यापीठामार्फत यायचा, आणि १ मे रोजी तिथल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं परदेशी संस्थांना दिल्या जाणाऱ्या अशा उपअनुदानांची पद्धतच थांबवली. मुदतवाढ मिळाली होती ती जादा पैशांशिवाय. दोन फील्ड स्टाफचं कॉन्ट्रॅक्ट वाढवता आलं नाही, दोघंही चांगले होते.

त्या वेळी ऑफिसात उघड प्रश्न विचारला गेला, की कॅलेंडर बदललं नसतं तर एव्हाना नावनोंदणी पूर्ण झाली असती ना? झाली असती, हे मान्य करायला हवं. आज आमच्याकडे ठरवल्यापेक्षा कमी माणसं आहेत आणि त्यामुळे लहान फरक पकडायची ताकद कमी झाली. पण जी आहेत त्यांचं पुढे काय झालं ते माहीत आहे. माझं मत ठाम आहे की हा सौदा बरोबर होता, आणि टीममधले दोघे चांगले, विचारी लोक आजही वेगळं म्हणतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, ट्रायल लिहिताना सत्तरीतल्या कुणालातरी विचारायला हवं होतं. प्रोटोकॉल बनवणाऱ्या खोलीत काजूचा हंगाम माहीत असलेला एकही माणूस नव्हता, आणि ही माहिती गुप्त थोडीच आहे, वाळपईच्या बाजारात कुणीही सांगेल. हंगामी पत्त्याचा प्रश्न कन्सेंट फॉर्ममध्ये पहिल्या दिवसापासून असता तर निम्मं काम वाचलं असतं.

फॉलोअपचा डेटा महिन्यावार आणि तालुक्यावार दर महिन्याला बघायला हवा होता. आम्ही तिमाही एकूण आकडा बघत होतो कारण फंडरचा फॉर्म तसा होता.

नवव्या प्रश्नाला "हो" म्हणणाऱ्यांसाठी, गट कुठलाही असो, फॉलोअप चुकला की ठरलेल्या दिवसांत घरी जायचं असा नियम लेखी हवा होता. आता आहे, आणि सोबत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर प्रत्येक घरी देतो. त्या वहिनी आता बऱ्या आहेत आणि औषधं चालू आहेत, पण एप्रिल ते जुलै हा काळ त्यांनी कसा काढला असेल याचा विचार आला की हा नियम आधी का नव्हता याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

पुढचं वर्ष

बारा महिन्यांचे फॉलोअप पूर्ण करणं हे पहिलं. स्टाफ कमी म्हणून ज्यांचा स्वतःचा फोन आहे आणि ज्यांनी लेखी होकार दिलाय त्यांचेच फोनवर, नववा प्रश्न विचारताना समुपदेशक लाईनवर उपलब्ध, बाकी सगळे घरी जाऊन. चवथीच्या सुट्टीत पेडण्याचे लोक घरी असतात, सणाचे मुख्य दिवस सोडून पुढच्या आठवड्यात जायचं ठरलंय.

दोडामार्ग अजून प्लॅनमध्ये आहे. तिथेही काजू आहे आणि माकडतापही आहे, शिवाय राज्य वेगळं म्हणजे परवानग्या वेगळ्या. यावेळी पैशांचा अर्ज लिहायच्या आधी तिथल्या दोन गावांत बसून वर्षाचं कॅलेंडर काढायचं, कोण कधी कुठे असतं ते, आणि त्यावरून ट्रायलच्या तारखा. त्या बैठकांसाठी बजेटमध्ये वेगळी ओळ मागितली आहे, फंडरनं अजून हो म्हटलेलं नाही.